प्रस्तावना : नेट कुठं अडलंय?

मोटार पाणी देईना झाली की आमचे वडील "काय झालं?" असं कधी विचारायचे नाहीत. "कुठं अडलंय बघ," म्हणायचे. अहमदपूर तालुक्यात आमची थोडी शेती, एक विहीर, पाच हॉर्सपॉवरची मोटार. आधी पेटीपाशी जाऊन तिन्ही फेजांना टेस्टर लावायचा. तिन्हीकडे दिवा लागला तर स्टार्टरकडे वळायचं. बटण दाबल्यावर मोटार नुसतीच हूं करून राहिली तर स्टार्टरच्या आत कुठंतरी एक फेज तुटलाय. मोटार फिरतेय आणि पाइप कोरडा आहे, तर विहिरीत उतरून फुटवॉल बघायचा. (आमच्याकडे त्याला झाडून सगळे फुटबॉल म्हणतात. मीही बरीच वर्षं तोच शब्द खरा समजत होतो.) वरून पाइपात पाणी ओतायचं, टिकलं तर फुटवॉल धड, उतरलं तर त्याच्या वायसरखाली कचरा अडकलेला. वडील चौथी शिकलेले. पण एका वेळी दोन गोष्टींना हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. दोन गोष्टी हलवल्या की मोटार कशामुळं सुरू झाली हेच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुढं आम्ही लातूरला राहायला आलो. घरात संगणक आला, टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट आलं. त्या चार दिव्यांच्या डब्यापुढं हाच माणूस हात बांधून उभा राहिला. "ते तुमचं तुम्ही बघा," म्हणाला. चारशे चाळीस व्होल्टच्या उघड्या स्टार्टरशेजारी वाकणारा माणूस बारा व्होल्टच्या डब्याला भीत होता. ही पुस्तिका लिहायला घेतली ती त्या आठवणीमुळं. घरचं नेट दुरुस्त करायला लागणारी अक्कल आपल्याकडे आधीपासून आहे. विहिरीवर आहे, गिरणीत आहे, गॅरेजमध्ये आहे. डबा नवीन दिसला की आपण ती दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवतो.

गेली वीसेक वर्षं मी आधी लातुरात आणि मग नांदेडात घरोघरी संगणक दुरुस्तीला जातो. फोनवर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या आहेत. "सर, नेट चालंना गेलंय." "नुसतं गोल गोल फिरायलंय." "रेंज फुल्ल हाय, पण काहीच उघडंना." "डब्यावर लाल लाईट लागलीय." सांगणाऱ्याला वाटतं सगळं एकच. खरं तर ही वेगवेगळी ठिकाणं आहेत. लाल दिवा म्हणजे खांबावरून येणाऱ्या तारेतून उजेडच पोचत नाही. मग संगणक उघडून बसण्यात अर्थ नाही. वायफायच्या काड्या पूर्ण दिसतात आणि तरी काही उघडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा संगणक ते राऊटर हा रस्ता मोकळा असतो आणि अडलेलं असतं राऊटरच्या पुढं. गोल फिरत फिरत शेवटी एकदाचं उघडतं, तर रस्ता आहे, पण गर्दी आहे किंवा मध्ये गळती आहे. आणि "चालंना गेलंय" एवढंच सांगणाऱ्याला मी एकच विचारतो: त्याच वायफायवर मोबाइल चालतोय का? चालत असेल तर राऊटर, तार, कंपनी सगळे निर्दोष. संगणकाकडे वळा. या एका प्रश्नानं माझ्या किती फेऱ्या वाचल्या त्याचा हिशेब नाही. फेरीचे पैसेही बुडाले, ते वेगळं.

थोडं मागं जाऊ. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सुरू केलं, पण ते मोठ्या शहरांपुरतं. आमच्या घरांत ते नंतर पोचलं, आणि पोचलं ते टेलिफोनमधून. संचारनेटचं कार्ड आणायचं, १७२२३३ लावायचा आणि मोडेम किंचाळायला लागला की सगळ्यांनी गप्प बसायचं. ते किंचाळणं म्हणजे दोन मोडेमनी एकमेकांची पारख करून वेग ठरवणं. सवयीचा कान असलेला माणूस त्यावरूनच लागणार की तुटणार ते सांगायचा. दुसऱ्या खोलीत कुणी फोन उचलला की खेळ संपला. वेग जास्तीत जास्त छप्पन्न किलोबिट. पाच एमबीचं गाणं उतरायला, तार चांगली असली तरी, बारा मिनिटं. पण त्या काळाचं एक बरं होतं. बिघाड ऐकू यायचा. रिसीव्हर कानाला लावला आणि खरखर आली की पुढं काही तपासायची गरज नसायची. १९८ लावून तक्रार लिहून द्यायची.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं. तीच तांब्याची जोडी, त्यात बोलणं खालच्या पट्टीत आणि नेट वरच्या. दोघांना वेगळं ठेवायला स्प्लिटर नावाची काडेपेटीएवढी डबी मिळायची. कितीतरी घरांत ती उलटी लावलेली असे, नाहीतर माजघरातल्या दुसऱ्या फोनला लावलेलीच नसे. "फोनची घंटी वाजली की नेट तुटतंय" असं कुणी म्हणालं की मी आत शिरताच दुसरा फोन शोधायचो. पहिल्या पावसात तारांच्या जोडांत पाणी जायचं आणि आठवडाभर मृगाबरोबर तक्रारीही बरसायच्या. सरकारच्या व्याख्येत तेव्हा २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड. २०१३ मध्ये ते ५१२ झालं, २०२३ मध्ये दोन मेगाबिट. आता जाहिरातीत चाळीस आणि शंभर मेगाबिट लिहिलेलं असतं आणि लोक मला विचारतात, "चाळीसचा प्लॅन हाय, मग फाइल पाचनंच का उतरायलीय?" बिट आणि बाइट. आठ बिटांचा एक बाइट. चाळीसला आठनं भागा, पाच येतात. कुणी फसवलेलं नाही.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि घरातल्या संगणकावर कापड पडलं. ते निघालं मार्च २०२० च्या टाळेबंदीत. लातूरच्या वसतिगृहांतून बारावीची, नीटची पोरं बॅगा घेऊन गावोगाव परतली. तास मोबाइलवर, रेंज गच्चीवर, नाहीतर गावाबाहेरच्या लिंबाखाली. त्या उन्हाळ्यानंतर गावागावांतून तारेच्या नेटची मागणी वाढली आणि कालपर्यंत टीव्हीची केबल ओढणारी पोरं काचेची तार ओढू लागली.

काचेच्या तारेचा बिघाड ऐकू येत नाही, दिसतही नाही. आत केसाएवढी काच, तिच्यातून उजेड जातो, तोही डोळ्यांना न दिसणारा. एका तारेचे खांबावरच्या डबीत आठ, सोळा, कधी बत्तीस फाटे होतात आणि एक फाटा तुमच्या घरात येतो. म्हणून लाल दिवा लागला की पहिलं उपकरण म्हणजे शेजारी. त्याच कंपनीचं नेट असलेल्या शेजाऱ्याकडेही लाल असेल तर बिघाड फाट्याच्या अलीकडचा नाही, पलीकडचा आहे. तुम्ही फक्त तक्रार नोंदवा आणि चहा टाका. शेजाऱ्याचं चालू असेल तर तुमचा फाटा बघा. दाराच्या फटीत तार चेपलीय का? पाहुण्यांसाठी सोफा सरकवताना तिला बोटाएवढी वळी पडली का? तांब्याची तार कशीही वळवा, ती तक्रार करत नाही. काचेची तार तुटायच्या आधीच उजेड गळायला लागतो. लाइनमन मीटर लावून "पॉवर मायनस एकोणतीस आलीय" म्हणतो तो याच गळतीविषयी बोलत असतो. उणे वीसच्या आसपास चांगलं, उणे सत्तावीसच्या खाली गेलं की डबा आंधळा. त्यानं सांगितलेला आकडा विचारून लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला कामाला येतो.

घराबाहेरच्या शत्रूंबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहेत. खारी, उंदीर, तारांवर झोके घेणारी वानरं, आणि सगळ्यांत मोठा जेसीबी. तुळजापूर-औसा-लातूर-चाकूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा ३६१ क्रमांकाचा महामार्ग रुंद होत होता त्या वर्षांत रस्त्याकडेच्या केबलींना वाली नव्हता. सकाळी खोदकामाची धूळ दिसली की दुपारच्या तक्रारींचा अंदाज यायचा.

आता वीज. आमच्या भागातले निम्मे "नेटचे" बिघाड विजेचेच असतात, हे माझं अनुभवाचं मत आहे. लाईट जाते, इन्व्हर्टर लागतो, त्या क्षणभराच्या फटीत राऊटर बंद होऊन परत सुरू होतो. टीव्ही-पंख्याला ती फट जाणवत नाही. राऊटर मात्र पुन्हा उठून, खांबाशी ओळख करून, आत शिरायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात मुलाची ऑनलाइन परीक्षा हुकते. राऊटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस मिळतो. त्याच्याइतका उपयोगी खर्च मला दुसरा माहीत नाही. दुसरा चोर म्हणजे अॅडॅप्टर. व्होल्टेजच्या चढउतारानं तो हळूहळू थकतो. दिवे लागतात, म्हणून कुणाला संशय येत नाही, पण चार मोबाइल जोडले की डबा दम टाकून पुन्हा सुरू होतो. जुन्या नऊ व्होल्टच्या डब्याचा अॅडॅप्टर बारा व्होल्टच्या राऊटरला लावलेला मी पाहिला आहे. पिन बसली म्हणजे जमलं, असा हिशेब. तिसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात पत्र्याखाली, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राऊटर हाताला चटका देतो. "बंद करून चालू केलं की चालतंय" यामागं काही वेळा एवढंच कारण असतं: बंद असताना तो थोडा निवला.

घराच्या भिंतींचाही यात हात आहे. नांदेडच्या जुन्या वस्तीतले वाडे, खेड्यातली माळवदं, त्यांच्या दगडमातीच्या दीड-दोन हात जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात आणि वायफाय गिळतात. पत्र्याची खोली असेल तर लहरी पत्र्यावरून परततात. राऊटर ओसरीत आणि संगणक आतल्या खोलीत, मध्ये लोखंडी कपाट, अशा घरात महागडा प्लॅन घेऊन काही होत नाही. पन्नास फूट लॅन केबल घ्या, दोन्ही टोकं जोडा, भांडण मिटलं. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण भिंतीला लवकर हार मानणारी, २.४ ची हळू पण पुढं जाणारी. मात्र २.४ वर एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच, एक, सहा आणि अकरा. लातूरच्या ट्यूशन एरियात एका इमारतीत वीस-वीस राऊटर असतात. सगळे त्या तीन गल्ल्यांतून जायला बघतात आणि रात्री दहाला, सगळे अभ्यासाला (किंवा अभ्यासाच्या नावाखाली) बसले की, काड्या पूर्ण आणि काम शून्य.

संगणकाच्या आतल्या गोष्टींना पुस्तिकेत बरीच जागा दिली आहे, इथं तीनच सांगतो. पहिली, पत्ता. राऊटर प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, बहुतेक घरांत १९२.१६८ नं सुरू होणारा. तुमच्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर त्याला राऊटरकडून काहीच मिळालं नाही आणि त्यानं स्वतःच काहीतरी लावून घेतलंय. बिनपत्त्याच्या घरी टपाल कसं येणार? दुसरी, नावं. आपण वेबसाइटचं नाव लिहितो आणि डीएनएस नावाची यंत्रणा त्याचा आकडा शोधून देते. ती बसली की नेट असून नसल्यासारखं. ओळखायचं कसं? संगणकाच्या काळ्या चौकटीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पिंग आणि पुढं ८.८.८.८ लिहा (टाइप करताना आकडे इंग्रजी). उत्तर आलं आणि तरी साइट नावानं उघडत नसेल, तर अडलंय ते नावांच्या वहीत. पिंग हा इवलासा प्रोग्रॅम माइक म्युस नावाच्या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधणारं सोनार हाक मारून प्रतिध्वनी ऐकतं, त्यावरून नाव दिलं. विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल ते ऐकायचं, तसंच.

तिसरी गोष्ट तारीख. मुखेडहून एका गुरुजींनी संगणक आणला होता. कुठलीच साइट उघडेना, सगळीकडे "सुरक्षित नाही" असा इशारा. दोन जणांनी व्हायरस सांगितला होता, एकानं नवा संगणक. कोपऱ्यातली तारीख पाहिली तर २००९ सालातली. आतली रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपली होती, म्हणून संगणक दर वेळी जुन्या वर्षात जागा होत होता, आणि सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. बॅटरी बदलली. गुरुजींना त्या बिघाडापेक्षा त्याच्या स्वस्ताईचं जास्त वाईट वाटलं.

या सगळ्याच्या पलीकडे उरतं ते जग. "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य आपल्याकडे आता "पाऊस लांबलाय" इतकं रुळलंय. अर्जाची शेवटची तारीख आली की ते खरंही असतं. म्हणून एक साइट उघडत नसेल तर आणखी दोन उघडून बघा. त्या उघडल्या तर तुमच्या घरात शोधण्यासारखं काही नाही. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या आणि भारतभर नेट रखडलं. त्या दिवशी लातुरात मी एका गिऱ्हाइकाच्या संगणकात विंडोज नव्यानं टाकत होतो. बिघाड हजारो किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी आणि मी इथं ड्रायव्हर शोधतोय! बातमी दुसऱ्या दिवशी वाचली. पैसे परत केले.

सगळ्यांत अवघड म्हणजे येऊन जाऊन असणारा बिघाड. मी नांदेडात राहायला आलो तेव्हा माझ्याच घरचं नेट रोज रात्री जायचं आणि सकाळी यायचं. कंपनीचा माणूस दिवसा यायचा, सगळं ठीक दाखवायचा, जायचा. राऊटर बदलला, केबल बदलली. शेवटी वैतागून वहीत वेळा लिहायला लागलो. साडेनऊ, नऊ चाळीस, साडेनऊ, आणि एका गुरुवारी दिवसभर बंद. वही हातात घेऊन एका रात्री गल्लीत उभा राहिलो. साडेनऊला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं शटर ओढलं, मेन स्विच खाली केला, आणि त्याच्या भिंतीवरच्या लोखंडी पेटीतला हिरवा दिवा विझला. आमच्या सगळ्या गल्लीचं नेट त्याच्या विजेवर चालत होतं, आणि गुरुवार त्याच्या सुट्टीचा. दुकानदारालाही पत्ता नव्हता. त्या वहीनं जे दाखवलं ते कुठल्याच मीटरनं दाखवलं नसतं, आणि या पुस्तिकेच्या शेवटी कोरी पानं सोडली आहेत ती त्यासाठी.

आता न करायच्या गोष्टी. निघालेल्या काचेच्या तारेच्या टोकात डोळा घालून बघू नका. उजेड दिसत नाही म्हणजे तो नाही असं नव्हे. राऊटरच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसू नका. ते बंद-चालूचं बटण नाही, ते सगळं पुसणारं आहे. कंपनीनं दिलेलं लॉगिन नाव आणि पासवर्ड त्यात जातात. मी स्वतः, एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर, भाचीच्या प्रवेशअर्जाच्या आदल्या रात्री ते केलं. पासवर्ड कुठंच लिहिलेला नव्हता, आणि अर्ज शेवटी शिवाजीनगरच्या एका नेट कॅफेत भरला. ताई अजून त्यावरून बोलते. आणि ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावू नका. तिथं भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. समोरचा गोड बोलून मोबाइलवर एखादं अॅप टाकायला लावतो आणि तुमचा स्क्रीन त्याच्या हातात जातो. नंबर बिलावरचा घ्या. पैसे गेलेच तर विचार करत बसू नका, लगेच १९३० लावा.

वडिलांनी ही पुस्तिका वाचली नाही, ते चार वर्षांपूर्वी गेले. पण त्यांच्या चष्म्याच्या नंबराला झेपेल एवढा टाइप मोठा ठेवलाय, आणि प्रत्येक प्रकरण "कुठं अडलंय" या प्रश्नानंच सुरू होतं.

पान उलटण्याआधी एक काम करा, आणि ते नेट चालू असतानाच करा. राऊटरपुढं उभे राहा. कुठले दिवे लागलेत, कुठल्या रंगाचे, कुठला लुकलुकतोय, ते शेवटच्या कोऱ्या पानावर लिहा. त्याखाली ग्राहक क्रमांक, तक्रारीचा नंबर, लॉगिन नाव आणि पासवर्ड लिहा, आणि पुस्तिका राऊटरच्या शेजारी ठेवा. वर ठेवू नका, तो तापतो.